कंपनीचं दिवाळं: भारत आणि बांगलादेश

कंपनीला देणं फेडता येईनासं झालं की तिला सावरायचं, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाहीतर मोडून विकायचं, हे सगळं ज्या कायद्यानं चालते तो दिवाळखोरीचा कायदा. पेढी बुडाली की भरदिवसा दिवा लावून ठेवायचे त्यावरून दिवाळं हा शब्द आला असं सांगतात, बंगालीत पण 'देउलिया'च म्हणतात. वरुड-मोर्शीचा संत्रा ट्रकनं बेनापोलच्या सीमा नाक्यावरून बांगलादेशात जाते, म्हणून इकडच्या माणसाला दोन्हीकडचा कायदा थोडाफार माहीत असलेला बरा.

भारतात आता आयबीसी (दिवाळखोरी संहिता) चालते, २०१६चा कायदा, कंपन्यांसाठी १ डिसेंबर २०१६पासून लागू. त्याआधी बीआयएफआर हे आजारी उद्योगांसाठीचं सरकारी मंडळ होतं, तिथं आजारी कारखान्यांच्या फायली वर्षानुवर्षं पडून राहायच्या. आता ज्याचे पैसे थकले तो एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) जाते, अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, कारभार त्यासाठी नेमलेल्या दिवाळखोरी तज्ज्ञाच्या हातात जाते आणि त्या काळात कोणी जप्ती आणू शकत नाही, दावा लावू शकत नाही. मुदत १८० दिवस, ताणून ३३०, पण प्रत्यक्षात त्याच्याही पुढं जातेच. कंपनी कोणाला द्यायची हे बँका ठरवतात, ६६ टक्के मतांनी. माल पुरवणाऱ्याला तिथं मतच नाही, आणि कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका पुढं, पुरवठादार पार मागं. त्यात मार्च २०२०ला थकबाकीची अट १ लाखावरून १ कोटी केली, म्हणजे दोन-चार ट्रक संत्र्याचे पैसे बुडवणाऱ्यावर या कायद्यानं जायची सोयच राहिली नाही. (आणि कास्तकाराला बँकेची नोटीस आली तर हे जप्ती थांबणं वगैरे काही नाही बरं, सामान्य माणसासाठीचा भाग अजून लागूच नाही केला, फक्त कंपनीला जामीन राहिलेल्यांपुरता २०१९ला सुरू केला.)

विदर्भातली ठळक उदाहरणं दोन. चंद्रपूर जिल्ह्यात नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा बंद सिमेंट कारखाना याच मार्गानं २०२०ला दालमिया सिमेंटकडं गेला. दुसरं बुटीबोरीच्या वीज कंपनीचं, विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर. आमचेच पैसे वीजदराच्या वादात अडकले आहेत असं तिचं म्हणणं होतं, त्यावर सुप्रीम कोर्टानं जुलै २०२२ला सांगितलं की थकबाकी दिसली म्हणून एनसीएलटीनं बँकेचा अर्ज घेतलाच पाहिजे असं नाही, परिस्थिती पाहता येते. या निकालावर वकील मंडळी अजून भांडतात. सहकारी सूतगिरणी बुडाली तर मात्र हे काहीच नाही, तिथं १९६०चा सहकार कायदा आणि अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेला माणूस.

बांगलादेशात एकच असा कायदा नाही. १९९७चा दिवाळखोरी कायदा जिल्हा न्यायालयात चालते, कंपनी गुंडाळायची तर १९९४च्या कंपनी कायद्यानं हायकोर्टात, आणि बँकांची वसुली २००३च्या अर्थऋण अदालतीत. कंपनी सावरायचं काम कोर्टापेक्षा बँकच करते, कर्जाची मुदत वाढवून. २०१९ला तर बांगलादेश बँकेनं (म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेनं) २ टक्के रक्कम भरा आणि बाकी १० वर्षांत फेडा अशी सवलत दिली होती, बुडव्यांची चैनच म्हणा ना.

दोन्हींमधला पूल कच्चा आहे. आयबीसीच्या कलम २३४ आणि २३५मध्ये दुसऱ्या देशाशी करार करून मदत मागायची तरतूद आहे, पण करार असेल तरच. परदेशी पुरवठादार इथल्या कंपनीवर एनसीएलटीत येऊ शकते, हे सुप्रीम कोर्टानं २०१७लाच मान्य केलं, आपल्या व्यापाऱ्याला मात्र ढाक्याच्या फर्मवर एनसीएलटीत जाता येत नाही कारण ती कंपनी इथं नोंदलेलीच नाही. म्हणून पैसे मिळायची खरी हमी एलसीची (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटची), त्यात कागदपत्रं बरोबर असली की पैसे समोरच्या बँकेनं द्यायचे असतात, माल घेणाऱ्याचं दिवाळं निघो की न निघो.