ऑईल कॅच कॅन

इंजिनाच्या ब्रीदर पाईपच्या (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेत बसवलेला, क्रँककेसमधून (क्रँकशाफ्ट फिरतो त्या खालच्या पोकळीतून) येणाऱ्या वायूंतले तेल अडवणारा डबा. टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या गाडीत त्याची गरज अधिक भासते. बाजारातले स्वस्त, चकचकीत डबे मात्र अनेकदा आतून रिकामे असतात, आणि रिकाम्या डब्यातून तेलाचे धुके आले तसे निघून जाते.

पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, सिलिंडरमधला थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. हा ‘ब्लो-बाय’, गॅरेजात त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पूर्वी तो एका नळीने खाली रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा इंजिनात ओढून जाळणे सक्तीचे झाले आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू इनटेककडे सोडणारी एकेरी झडप) रूढ झाला.

टर्बोमुळे या वायूला दोन वाटा लागतात. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, निर्वात असतो, तेव्हा वायू पीसीव्हीतून तिकडे ओढला जातो. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, पीसीव्ही मिटतो आणि वायू टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. तेलाचा थर मग टर्बोच्या कॉम्प्रेसरवर आणि इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) बसतो. मिश्रणात तेल शिरल्याने पेट्रोल इंजिनात नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची) शक्यता वाढते. गाडी जोरात पळवणाऱ्याने ब्रीदरची वाट आधी सांभाळावी. एकाच वाटेवर डबा लावून दोन्हींचे काम होत नाही.

परिणामकारक डब्याचे मर्म त्याच्या पोटात असते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला वाफ धरते आणि थेंब होऊन गळते, तेच इथे घडवायचे: वायूचा वेग कमी करायचा, त्याला आडव्या पत्र्यांवर आपटून वळवायचे आणि शेवटी स्टेनलेस स्टीलच्या जाळीतून गाळायचे. तेलाचे बारीक कण जाळीला चिकटून एकत्र होतात आणि खाली गळतात. आत येणारी नळी जाळीच्या खाली उघडावी, बाहेर जाणारी वर. साठलेले तेल हेलकाव्याने बाहेरच्या तोंडाशी पोचता कामा नये. भांडी घासायची तारेची घासणी कोंबून काम भागवणारे बरेच आहेत, पण तिचे तुकडे सुटून टर्बोत गेले तर डबा नसता तर बरे झाले असते असे वाटेल.

रस्त्यावरच्या गाडीला अर्धा ते एक लिटरचा डबा सहसा पुरतो. नळ्या तेल सोसणाऱ्या रबराच्या हव्यात. साधा पाण्याचा होज तेलाने फुगून मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून दूर, जिथे वारा लागेल तिथे बसवावा. नळी किंवा जाळी फार अरुंद झाली तर क्रँककेसमध्ये दाब साठतो: ऑईल सील गळू लागतात, डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) वर उचलली जाते आणि टर्बोतून सम्पकडे (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीकडे) परतणारे तेल तुंबते. टर्बोचे सील गेले असे समजून टर्बो उतरवला जातो, आणि दोष निघतो ब्रीदरचा.

डब्याचे तोंड हवेत उघडे ठेवणे सोपे, पण तो वायू हवेत सोडायला भारतातील बीएस-६ या प्रदूषण नियमांत मुभा नाही. शर्यतीत उघडा ब्रीदर चालतो, मात्र एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर शर्यत संस्थेच्या नियमांनुसार २,००० सीसीपर्यंत २ लिटरचा आणि त्यापुढे ३ लिटरचा कॅच टँक लागतो.

डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्याने तेथील काजळी धुतली जात नाही. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनात ती अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून काढतात. कॅच कॅनने ही काजळी कमी होऊ शकते, पण थांबत नाही, कारण थोडे तेल व्हॉल्व्ह गाईडमधूनही (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतूनही) झिरपते.

डबा रिकामा करताना त्यात तेलाबरोबर पाणी आणि पेट्रोलही निघते. थंडीत, विशेषतः जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, ते दुधाळ चहासारखे दिसते. तेवढ्यावरून हेड गॅस्केट (पाणी आणि तेल वेगळे ठेवणारे सिलिंडर हेडखालचे पॅकिंग) गेले असे समजू नये, आधी रेडिएटरचे पाणी कमी होते का ते पाहावे. हे तेल पुन्हा इंजिनात ओतायचे नसते. डबा एकाएकी लवकर भरू लागला, तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.