रोगप्रतिकारक संस्था

रोगप्रतिकारक संस्था : जीवाणू, विषाणू, बुरशी, परजीवी आणि शरीरातल्याच बिघडलेल्या पेशी हुडकून नष्ट करणारी पेशी, ऊती व प्रथिने यांची यंत्रणा. हृदयासारखे किंवा यकृतासारखे हिचे एक ठिकाण नसते. पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, त्यांतल्या टी पेशी छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत तयार होतात आणि मग प्लीहा, टॉन्सिल, आतड्याचे अस्तर व शरीरभर पसरलेल्या पाचसहाशे लसीका ग्रंथी अशा ठिकाणी कामाला लागतात. मारण्याची साधने या संस्थेकडे भरपूर असतात. अडते ते ओळख पटण्यापाशी, आणि ती वेळेत पटण्यापाशी.

बहुतेक जंतूंना आत शिरायलाच मिळत नाही. अखंड त्वचा त्यांना अडवते. अश्रू व लाळ यांत लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) असते, ते जीवाणूंची भित्तिका फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ मध्ये दाखवून दिले. श्वासमार्गात चिकट श्लेष्म्यात अडकलेले कण केसांसारखे सूक्ष्म रोमक घशाकडे लोटत राहतात. धूम्रपानाने हे रोमक मंदावतात, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांच्या छातीत कफ साठतो. जठररसाचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, त्यात फारच थोडे जंतू तग धरतात. मोठ्या भाजण्यात रुग्ण पहिल्या धक्क्यातून वाचला तरी जंतुसंसर्गाची धास्ती राहते, कारण त्वचेचा हा अडसर निघून गेलेला असतो.

तळपायात काटा मोडला की अडसर फुटतो आणि पुढची फळी मिनिटांत जागी होते. त्वचेखालच्या भक्षक पेशींना आलेला जंतू कोणता हे कळत नाही; जीवाणूंच्या भित्तिकेत असणारे आणि माणसाच्या पेशींत नसणारे रेणू तेवढे त्यांना ओळखता येतात. ही ओळख पटवणाऱ्या ग्राहींच्या (पेशीवरील रेणू पकडणाऱ्या प्रथिनांच्या) शोधासाठी ज्यूल्स हॉफमन व ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून जागा लाल व गरम होते. वाहिन्यांतून द्रव पाझरतो म्हणून सूज येते. प्रोस्टाग्लँडिनमुळे ठणका लागतो. काही तासांत न्यूट्रोफिल येऊन पोचतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असतात आणि त्यांत ४० ते ७० टक्के न्यूट्रोफिल. जंतू गिळायचे आणि मरायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच प्रेते. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात (अळीत) गुलाबाचा काटा खुपसून त्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या, तेव्हापासून हा भाग अभ्यासात आला.

त्याच वेळी भक्षक पेशींनी सोडलेली इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ ही द्रव्ये मेंदूतील अधश्चेतकाला, म्हणजे शरीराचे तापमान ठरवणाऱ्या भागाला, ते वाढवायला लावतात. नवा आकडा ३९ अंश सेल्सिअस ठरला आणि अंग अजून ३७ वरच असले, की शरीराला ते गारच वाटते. ताप चढताना हुडहुडी भरते ती यामुळे. उतरताना आकडा खाली येतो, अंग त्यापेक्षा गरम ठरते आणि घाम फुटतो. पॅरासिटामॉल तो आकडा खाली आणते. संसर्गावर त्याचा काही उपाय नाही.

जंतूची नेमकी ओळख मात्र लसीका ग्रंथीत पटते. डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे उचलून जांघेतल्या ग्रंथीपर्यंत नेतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते ते तिथे चाललेल्या धावपळीमुळे. टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी यांतल्या प्रत्येकीवर एकाच आकाराचा ग्राही असतो. जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून असे असंख्य आकार आधीच बनवलेले असतात. ही पिसणी उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. म्हणजे जंतू पाहून पेशी घडत नाही, घडून ठेवलेल्यांतून जुळणारी निवडली जाते. अशा पेशी फारच थोड्या असतात, त्या विभागून फौज उभी राहायला आठवडाभर लागतो. एरवी धडधाकट माणूस नव्या आजारात पहिले काही दिवस आडवा पडतो तो याच अवधीत.

बी पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला जाऊन चिकटणारी प्रथिने, बनतात. आधी येते आयजीएम, पकडीच्या दहा जागा असलेले. मग आयजीजी, जे वारेतून गर्भालाही मिळते. श्लेष्मल त्वचेवर व आईच्या दुधात आयजीए असते. पेशीच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंड पोचत नाही. तिथे सीडी८ जातीच्या टी पेशी ती बाधित पेशीच मारतात. या दोन्हींना हाताशी धरणाऱ्या सीडी४ टी पेशी कमी पडल्या तर बाकीचे सगळे ढेपाळते. रक्ततपासणीत आयजीएम सापडले म्हणजे संसर्ग ताजा, असा सरसकट अर्थ लावतात, पण ते कित्येकदा महिनोन्महिने टिकते.

काम संपले की बहुतेक पेशी मरतात, काही स्मृतिपेशी म्हणून उरतात. तोच जंतू पुन्हा आला की प्रतिसाद एकदोन दिवसांत सुरू होतो. लस ही स्मृती आजाराशिवाय मिळवून देते. एडवर्ड जेनर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवी (गाईंना होणारा देवीसारखा सौम्य रोग) टोचण्याचा प्रयोग केला. १९८० मध्ये देवी रोगाचे उच्चाटन जाहीर झाले. धनुर्वाताचे विष इतक्या अल्प मात्रेत घात करते, की तेवढ्याने प्रतिकारक्षमता जागीच होत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. रेबीजची लस देऊनही प्रतिपिंडे यायला आठवडाभर लागतो, आणि खोल चाव्यात तेवढी सवड नसते. त्यासाठी जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तयार प्रतिपिंडे, मानवी असल्यास वजनाच्या दर किलोमागे २० एकक या हिशेबाने, जखमेतच टोचतात. नुसत्या लशीवर भागवले तर विषाणू तोवर मज्जातंतूंत शिरू शकतो.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला सरसकट घेण्यासारखा नाही. जास्त जोराचा प्रतिसादही रोगच असतो. स्वतःच्या पेशींवर चालून जाणाऱ्या टी पेशी यौवनलोपी ग्रंथीत गाळल्या जातात. त्यातून सुटलेल्यांना नियामक टी पेशी आवरतात. या नियंत्रणाच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. ही चाळणी चुकली की टाइप १ मधुमेह, आमवाती संधिशोथ असे आजार होतात. निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध आयजीई या जातीचे प्रतिपिंड बनले की ॲलर्जी होते. तिचा तीव्र झटका आला, घसा सुजला, रक्तदाब कोसळला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनॅलिन देतात; प्रौढांत ०.५ मिलिग्रॅम. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज थांबते, रक्तदाब सावरत नाही. तिच्यावर विसंबून घालवलेली मिनिटे जिवावर बेतू शकतात.

उलट टोकाला एचआयव्ही. हा विषाणू सीडी४ पेशीच नष्ट करतो. प्रौढांत त्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की निरोगी माणसाच्या वाटेला न जाणारी न्यूमोसिस्टिस ही बुरशी फुप्फुसे भरून टाकू शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणखी एक अडचण येते. ताप, सूज, पू ही लक्षणे मुळात प्रतिसादाची असल्याने, संसर्ग वाढत असतानाही ती दबलेलीच राहतात.