उन्हाळी सांदवाडी : फूल कोणत्या महिन्यात येईल ते आधी मोजा

मागच्या साली फेब्रुवारीत मी घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, भेद्रं (टमाटर) लावले, वीसेक रोपं असतील. रोपं जोमात वाढली, एप्रिल लागला, पिवळी फुलं आली आणि सगळीच्या सगळी गळाली. माय म्हणे नजर लागली, शेजारचे काका म्हणे पाणी कमी पडलं, मग मी पाणी वाढवलं तरी तेच, देठाला मधात जी गाठ असते ना तिथूनच फूल तुटून खाली पडायचं.

कारण होतं परागात. टमाटरच्या फुलाला दिवसा ३५ अंशाच्या वर ऊन लागलं आणि रात्रही गरमच राहिली की पराग नीट तयार होत नाही, झाला तरी रुजत नाही, आणि फळ धरलं नाही की झाड ते फूल स्वतःच टाकून देतं. पाणी कितीही द्या, मेलेला पराग जिवंत होत नाही.

आपल्याकडं वसंत म्हणजे पळस फुलला तेवढे दिवस. नागपूर-अकोल्याकडं फेब्रुवारीत दुपारी ३२ च्या आसपास, मार्चमध्ये ३६-३७ आणि एप्रिलमध्ये ४० च्या वर. म्हणून आज हवा कशी आहे ते पाहून बी टाकू नका, पेरल्यापासून फुलापर्यंत किती दिवस लागतात ते मोजा आणि त्या दिवसांत ऊन किती असेल ते बघा. भेंडीला साधारण ४०-४५ दिवसांत फूल येतं, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाकली तर मार्चमध्येच तोडा सुरू होतो. बी रात्रभर भिजवून लावा, गार मातीत ते उगवायला फार कुचराई करतं. गवार आणि बरबटीही (चवळीच्या शेंगा) ऊन बऱ्यापैकी सोसतात.

खरी गंमत वेलांची आहे. लौकी (दुधी), दोडका, काकडी, कारलं, कोहळं, ढेमसं या सगळ्यांत नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, मादीच्या मागं इवलंसं फळ आधीपासूनच असतं. सुरुवातीची फुलं बहुतेक नरच असतात, त्यामुळे "नुसती फुलंच येऊन राहिली, फळ नाही" म्हणून वेल उपटू नका, पण ऊन आणि दिवस दोन्ही वाढले की नर फुलं अजूनच वाढतात, म्हणून वेलाचं बी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत लावलेलं बरं. आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही की कोहळं, काकडी, कारल्याची फुलं सकाळी उघडतात, त्यांच्याकडं मधमाश्या येतात, पण दोडक्याचं फूल संध्याकाळी उघडतं आणि लौकीचं पांढरं फूलही सांजेला उघडून रात्रभर राहतं, त्याचं काम जास्त करून रातचे पतंग करतात. फळ पिवळं पडून गळत असेल तर नर फूल तोडून त्याचा पराग मादीच्या मधल्या भागावर हातानं लावा, कोहळ्याला सकाळी सात-आठच्या आत, लौकीला दिवेलागणीला. दुपारी करून काही फायदा नाही.

मांडवाला तुराट्या (तुरीच्या काड्या) घ्या, पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) नको, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. बुडाशी सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार चार बोटं जाड पसरा, आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल तर जातेच, बारीक मुळंही तुटतात.

पालेभाजीत पालक आणि सांबार (कोथिंबीर) मार्चनंतर पानं सोडून दांडा काढतात, सांबार हवाच असेल तर सावलीत थोडा थोडा टाका. चवळाई मात्र उन्हातच खुश. कडक उन्हात झाड पाणी वाचवायला पानाची बारीक भोकं मिटतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि साध्या झाडाची वाढ मंदावते, चवळाईकडं तो वायू पानाच्या आत गोळा करून वापरायची सोय आहे. घोळाची भाजी तर त्याहून पुढची, पाण्याचा ताण पडला की ती भोकं रात्री उघडते. तिचीच बहीण म्हणजे ऑफिस टाइमची फुलं, म्हणून मे महिन्यातही ती कुंडीत टिकून राहतात.

बाकी फुलांत गलांडा, झिनिया, सूर्यफूल लावा, वेलाजवळ असले की मधमाश्या तिकडं फिरकतात. झेंडूबद्दल एक सांगतो, त्याच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं रसायन असतं, ते मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारतं हे खरं आहे, पण काठाला चार रोपं लावून वांग्याचं रक्षण होत नाही. ज्या वाफ्यात गाठी दिसल्या तो आख्खा वाफा तीन-चार महिने दाट झेंडूखाली ठेवावा लागतो.

यंदा भेद्र्याच्या त्याच वाफ्यात लौकी आहे. पहिली मादी फुलं काल दिसली, आज सांजेला नर फूल घेऊन जातो.