घोडेस्वारीचे पहिले तीन महिने : नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

प्रवेश घ्यायला आलेले बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "घोडा पळवायला कधी मिळणार?" आठवड्याला तीन वर्ग न चुकवता केले तर साधारण तिसऱ्या महिन्यात, तेही मांड (खोगिरावरची बैठक) पक्की झाली असेल तर. माथेरानला मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) लगाम धरून फिरवून आणतो, ती सैर. त्यावरून इथला अंदाज बांधू नका.

येताना काय घालावे
लांब, अंगासरशी बसणारी पॅंट घाला. जीन्सची आतली जाड शिवण गुडघ्याच्या आतल्या बाजूला कातडी सोलते, म्हणून ती नको. बुटाला दीड-दोन सेंटिमीटर टाच आणि गुळगुळीत तळ हवा. स्पोर्ट्स शूजला टाच नसते, त्यामुळे पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) पलीकडे सरकते. पडताना ते तिथेच अडकले तर घोडा स्वाराला फरफटत नेतो. हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे, मोटारसायकलचे चालत नाही. ते जड असते, मानेवर ताण देते आणि त्यातून आजूबाजूचे नीट दिसत नाही. जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात, तेव्हा ती लस घेतलेली असावी.

वजनाबद्दल स्पष्ट सांगतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार आम्ही देत नाही. 400 किलोच्या घोड्याला ही मर्यादा 80 किलो, आणि त्यातले सात-आठ किलो खोगिराचे.

वर्ग तबेल्यात सुरू होतो
वेळेच्या 20 मिनिटे आधी या. घोड्याला नाकासमोरचे अगदी जवळचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून आधी हाक मारायची आणि डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ जायचे. कान मागे चिकटलेले असतील तर थांबा, मोतद्दाराला बोलवा. खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश) मांसल भागावर गोल फिरवायचा. तोंडावर आणि पायांच्या हाडांवर नाही, तिथे मऊ ब्रश. खूर टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करायचा. पावसाळ्यात खुराखालच्या त्रिकोणी मऊ भागाला कुजका वास आला तर लगेच सांगा. हे काम मोतद्दाराचे आहे असे काही पालकांना वाटते. पण खोगिराखाली किंवा तंगाखाली (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली) राहिलेल्या वाळूच्या चार कणांनीही घोड्याची कातडी सोलवटते. असा घोडा मग स्वार चढताना पाठ चोरतो, आणि मुलाला वाटते की तो हट्टी आहे.

तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात. त्यामुळे एकदा आवळून भागत नाही. तंगाखाली दोन बोटे जेमतेम जातील इतका आवळा, घोडा पाच मिनिटे चालवा आणि चढण्याआधी पुन्हा बघा. सैल तंगामुळे खोगीर एका अंगाला फिरते. नवख्यांच्या पडण्याचे हे सर्वांत टाळता येण्यासारखे कारण. रिकिबीची लांबी बघायला हात सरळ करून बोटांची टोके खोगिरावरच्या, रिकिबीचा पट्टा अडकवायच्या कडीला लावा. पट्टा ताणल्यावर रिकीब काखेत आली की झाले.

मांड
पहिले काही वर्ग लांब दोरीवर होतात. प्रशिक्षक मधे उभा, घोडा भोवती गोल फिरतो आणि स्वाराच्या हातात लगाम नसतो. पालकांना हे वेळकाढूपणाचे वाटते. पण लगाम लवकर हातात दिला की नवखा स्वार तोल त्यावरच सांभाळायला शिकतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात असते, प्रत्येक हिसका तिथे बसतो. तोंड दुखले की घोडा मान वर टाकतो, स्वार आणखी घाबरून आणखी ओढतो. ही सवय नंतर मोडायला महिने जातात.

कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत हवी. नवखे स्वार गुडघ्यांनी खोगीर आवळतात. त्याने टाच वर जाते आणि अंग खोगिरावरून वर फेकले जाते. वजन टाचेतून खाली सोडा, नजर घोड्याच्या कानांच्या पलीकडे ठेवा. खाली बघितले की खांदे पुढे येतात आणि तोल जातो.

दुडकी (चालण्याहून जलद, दौडीहून हळू चाल) हा सगळ्यांच्या अडखळण्याचा टप्पा. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट) जोडीने पडतात, म्हणून दोन ठोक्यांचा धक्का बसतो. एका ठोक्याला उठायचे, दुसऱ्याला बसायचे. गोलात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा उठा. रिकिबीवर जोर देऊन उभे राहू नका. धक्का वर उचलतो तेवढेच उठणे पुरे. लय सापडायला कुणाला तीन वर्ग लागतात, कुणाला दहा.

आमच्याकडचे काही घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) आहेत. शर्यतीत ते ताणलेल्या लगामावर पळायला शिकलेले असतात. घाबरून लगाम ओढून धरला तर असा घोडा थांबायच्या ऐवजी वेग वाढवू शकतो. म्हणून ते नवख्यांना मिळत नाहीत, कितीही देखणे असले तरी. थांबवायची रीत सगळ्या घोड्यांना एकच : श्वास सोडा, खोगिरात जड बसा, लगाम घट्ट करा आणि घोड्याने ऐकताच सैल सोडा.

खाऊ आणि वेळा
घोड्याला उलटी होत नाही. चुकीचे खाल्ले की पोटशूळ उठतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून शिळी चपाती, बिस्किटे, प्रसादाचे लाडू आणू नका. गाजर लांब उभे कापून, विचारून, सपाट तळहातावर द्या. चंदी (दाण्याचा खुराक) खाल्ल्यावर तासभर आम्ही घोडा कामाला काढत नाही, त्यामुळे वर्ग उशिराने सुरू करण्याची विनंती मान्य होईलच असे नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळचे वर्ग आठच्या आत संपतात. पावसाने मैदान निसरडे झाले तर स्वारी बंद, पण वर्ग होतो. त्या दिवशी तबेल्यात खोगीर-लगामाची देखभाल आणि खुरांची तपासणी शिकवतो. पडल्यास स्वाराने स्वतःहून उठू नये, प्रशिक्षक येईपर्यंत पडून राहावे. पालकांनीही मैदानात धावत येऊ नये. सुटा घोडा बिथरून त्याच दिशेला येऊ शकतो.