‘डोप्ड’ या शब्दाचा घोळ
ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे दिसले, तेव्हा कुठे कासाडी नदीत सुटणाऱ्या कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्याकडे बाकीच्यांचं लक्ष गेलं. ठाणे-नवी मुंबईतल्या एमएस्सीच्या मुलांना ‘धातू-डोप्ड नॅनोकणांनी रंगांचं विघटन’ (म्हणजे स्फटिकात थोडा दुसरा धातू घुसवलेल्या अतिसूक्ष्म कणांनी, प्रकाशाच्या मदतीने पाण्यातले रंग तोडणं) हा विषय परका वाटत नाही, तो यामुळेच.

प्रकाशाने चालणाऱ्या या उत्प्रेरकांचा मूळ शोध 1972 चा, जपानमधला: टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश पाडून पाण्याचं विघटन. अडचण अशी की अ‍ॅनाटेझचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा) बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट; ती अतिनील प्रकाशातच मिळते आणि उन्हात अतिनील जेमतेम 4-5 टक्के. म्हणून स्फटिकाच्या जाळीत परका धातू घुसवायचा. 1994 मध्ये 21 धातू आयन तपासले गेले. लोखंडाने 0.5 टक्क्याच्या आसपास काम सुधारलं, कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमने बिघडवलं. गंमत म्हणजे रंगांच्या विघटनावर काम करणारे आजही ज्याचा दाखला देतात, त्या अभ्यासात रंग नव्हतेच. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड होतं.

पुढे सोल-जेल पद्धत (द्रावणाचं जेल करून, ते भाजून कण बनवायचे) कॉलेजांपर्यंत पोचली. जुलैत ठाण्याच्या दमट हवेत टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची (यातल्या टायटॅनियमच्या कच्च्या मालाची) बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर येतो आणि बुचाला साका धरतो, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं, 450 अंशांवर मफल भट्टीत भाजायचं, की झालं ‘सिल्व्हर-डोप्ड’!

इथेच माझा आक्षेप आहे. टायटॅनियम आयनाची त्रिज्या 0.605 अँगस्ट्रॉम, चांदीच्या आयनाची 1.15. लोखंडाचा आयन 0.645 चा, तो जागेवर बसतो. चांदी बहुतेक पृष्ठभागावरच धातूच्या ठिपक्यांच्या रूपात राहते. ती इलेक्ट्रॉन पकडते, उपयोगी पडते, पण ते डोपिंग नव्हे. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) शिखर सरकलेलं, म्हणजे जाळीचं माप बदललेलं, न दाखवता शीर्षकात ‘डोप्ड’ लिहिणं आता सर्रास चालतं.

दुसरा घोळ ‘विघटना’चा. मेथिलीन ब्लू हा चाचणीत नेहमी वापरला जाणारा निळा रंग स्वतःच 664 नॅनोमीटरला दृश्य प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन फिका पडतो. 2010 च्या आंतरराष्ट्रीय मानक चाचणीत हाच रंग आहे, पण दिवा अतिनील आहे. क्युवेटमधलं (मोजणीच्या पारदर्शक कुपीतलं) द्रावण रंगहीन झालं म्हणून रेणू कार्बन डायऑक्साइडपर्यंत तुटला असं होत नाही. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो.

अलीकडे काही गट डिस्टिल्ड वॉटर सोडून खऱ्या सांडपाण्याकडे वळलेत. कापड रंगवण्याच्या पाण्यात मीठ भरपूर. त्यातलं क्लोराइड हायड्रॉक्सिल रॅडिकल (रंग तोडणारा क्रियाशील कण) खातं आणि चांदीचा आयन दिसला की सिल्व्हर क्लोराइड करून टाकतं.