पेस की पेस्कादो

इंग्लिशमधल्या साध्या 'फिश'ला स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत, पेस आणि पेस्कादो, आणि नवीन शिकणारे हमखास इथेच घसरतात. (स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी उच्चार 'पेथ'सारखा, लॅटिन अमेरिकेत 'पेस'.) क्लासमध्ये सांगतात, जिवंत तो पेस, मेलेला तो पेस्कादो. लक्षात ठेवायला सोपं आहे पण नियम म्हणून कच्चं.

खरी गोम पेस्कादोच्या घडणीत आहे. पेस्कार म्हणजे मासे धरणं, आणि पेस्कादो म्हणजे सरळ 'धरलेला'. त्यामुळे जीव आहे की गेला हा मुद्दाच नाही, माणसाने खायला म्हणून पाण्यातून काढलाय का एवढंच बघायचं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या मुर्सियाजवळ मार मेनोर नावाच्या खाऱ्या सरोवरात पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि मासे ढिगाने काठाला लागून मेले, तर बातम्यांमध्ये ते 'पेसेस मुएर्तोस', म्हणजे मेलेले पेसच, कारण ते कोणी धरलेच नव्हते. तिथेच जाळ्यात सापडून विकायला गेलेला मासा मात्र पेस्कादो.

'मे गुस्ता एल पेस्कादो' म्हणजे मला मासे खायला आवडतात, आणि 'मे गुस्तान लोस पेसेस' म्हटलं की समोरच्याला वाटणार यांच्या घरी फिश टँक असेल. टँकला पेसेरा म्हणतात, मासळीच्या दुकानाला पेस्कादेरिया. पण तलवार मासा ताटात आला तरी पेस एस्पादाच राहतो, नावातच पेस आहे ना, काय करणार. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यातलं काहीच पेस्कादोत येत नाही, ते सगळं मारिस्को. आणि लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी बोलताना पोहणाऱ्या माशालाही बिनदिक्कत पेस्कादो म्हणतात, तिथे व्याकरण काढून बसू नये.

मराठीचा इथे फार उपयोग नाही. मासा आणि मासळी हे दोन शब्द आपल्याकडेही आहेत, पण मासळी नदीत असते तशी बाजारातही असते आणि ताटातला तुकडाही माशाचाच. गोव्यात ज्यांना पोर्तुगीज येतं त्यांना स्पॅनिश म्हणजे घरचीच वाटते, पण पोर्तुगीजमध्ये रोजच्या बोलण्यात दोन्हीला एकच, पेइश. गंमत म्हणजे इंग्लिशमध्ये गोठ्यातला पिग ताटात आला की पोर्क होतो, आणि तिथे स्पॅनिशचं एका 'सेर्दो'वर भागतं!

एक खड्डा लिंगाचाही आहे. 'एल पेस' म्हणजे मासा, पण 'ला पेस' म्हटलं की काळीकुट्ट डांबरासारखी राळ, लॅटिनमधला मूळ शब्दच वेगळा.

वाक्प्रचार बहुतेक पेसच्या वाट्याला आलेत. पेस गोर्दो म्हणजे जाडा मासा, आपला बडा मासा तोच हा. आणि स्पेनमध्ये एखाद्या विषयात ढ असलेला माणूस स्वतःला पेस म्हणवतो, 'एस्तोय पेस एन किमिका', केमिस्ट्रीत माझी बोंब आहे. इथे पेस्कादो चालत नाही.