पिर्गी

पिर्गी : ग्रीसच्या हिओस बेटाच्या दक्षिण भागातील शेतकऱ्यांचे जुने तटबंद गाव. नकाशांवर या बेटाचे नाव कायोस असेही आढळते. बेट एजियन समुद्रात अगदी पूर्वेला असून तुर्कस्तानचा किनारा तिथून दिसतो. बेटाच्या मुख्य शहरापासून पिर्गी साधारण २५ किमी.वर आहे. दक्षिणेकडील चोवीस गावांना मिळून ‘मास्तिहोहोरिया’ म्हणजे मास्तिहाची गावे म्हणतात. त्यांतले हे सर्वांत मोठ्या गावांपैकी एक.

मास्तिहा हा डिंकासारखा सुगंधी राळपदार्थ. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागितली तर पुडीत जे पिवळसर, काचेच्या मण्यांसारखे खडे मिळायला हवेत, ते हेच. त्यातला ‘रुमी’ म्हणजे रूमचा. अरबी-फार्सीत ग्रीक-बायझंटाइन मुलुखाला रूम म्हणत. तुर्कांनी तर बेटाचेच नाव ‘साकिझ’ ठेवले. साकिझ म्हणजे चघळायचा डिंक.

ज्या झाडाचा हा चीक, ते पिस्त्याच्याच प्रजातीतले, आणि आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातले. माणसाच्या उंचीहून थोडेसेच मोठे होणारे, वेड्यावाकड्या खोडाचे हे सदाहरित झुडूप भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे उगवते. परंतु विकण्याजोगी, घट्ट खडे धरणारी मास्तिहा मिळते ती हिओसच्या दक्षिण भागातच. त्याच बेटाच्या उत्तरेलाही ती साधत नाही. लागवड प्रामुख्याने नर झाडांची करतात. पाचसहा वर्षांनी झाड चीक देऊ लागते, आणि तोही वर्षाकाठी ग्रॅमांच्याच हिशेबात.

काम जूनपासून सुरू होते. झाडाखालची जमीन खरवडून, झाडून सपाट करतात आणि तिच्यावर पांढऱ्या चुनखडी मातीची चाळलेली भुकटी पसरतात. खाली पडणाऱ्या थेंबाला माती लागू नये, तो स्वच्छ राहावा आणि लवकर सुकावा म्हणून हे अंगण. जुलैच्या मध्यापासून ‘केंदिमा’ : अणकुचीदार लहान हत्याराने खोडाला बारीक चिरा द्यायच्या. एका वेळी फार नाही, पण आठवड्यातून एकदोनदा, पाचसहा आठवडे. केंदिमाचा शब्दार्थ भरतकाम. खोडावरची ओळीने टोचलेली सालपटे पाहिली की नाव पटते. चिरेतून ओघळणाऱ्या थेंबांना ‘अश्रू’ म्हणतात. तिसऱ्या शतकात संत इसिदोर या ख्रिस्ती सैनिकाला रोमनांनी मारले, तेव्हा बेटावरची झाडे रडली, अशी लोककथा आहे. थेंब सुकायला पंधरावीस दिवस लागतात. मधेच पाऊस आला तर माल खराब होतो. त्यामुळे उन्हाळ्यात आभाळ भरून आले की धास्तावणारे शेतकरी, हे आपल्याला उलटे वाटणारे चित्र इथे नेहमीचे. वेचणी ऑगस्टच्या मध्यापासून, पहाटेच करतात. ऊन चढले की खडे चिकट होतात.

मग उरतो हिवाळा, आणि तो मुख्यतः बायकांचा. चाळणे, गार पाण्यात साबणाने धुणे, वाळत घालणे, आणि मग टेबलाभोवती बसून एकेक खडा हातात घेऊन लहान सुरीच्या टोकाने त्यावरची माती खरवडणे. शेजारणी एकमेकींच्या घरी जाऊन हे करतात, त्यामुळे कामाबरोबर गावच्या सगळ्या बातम्याही चाळून होतात.

गावाची रचनाही या मालानेच ठरवली. १३४६ मध्ये इटलीतल्या जेनोआच्या व्यापाऱ्यांनी बेट घेतले. जुस्तिनियानी नावाने ओळखली जाणारी त्यांची ‘माओना’ कंपनी मास्तिहाचा मक्ता चालवी. चाचेगिरीपासून आणि चोरीपासून माल राखण्यासाठी वस्ती दाट बांधली : बाहेरच्या घरांच्या पाठभिंती हाच तट, मधोमध बुरूज, आणि अरुंद गल्ल्यांवर कमानी, म्हणजे छपरांवरूनही पळता यावे. पिर्गोस म्हणजे बुरूज, गावाचे नाव त्यावरून. तट शत्रूसाठी होता तसाच शेतकऱ्यासाठीही. मास्तिहा चोरणाऱ्याला कंपनी क्रूर शिक्षा देई, आणि चोर बहुधा पिकवणाराच असे. कोलंबसने १४९३ च्या पत्रात हिओसच्या मास्तिहाचा उल्लेख केला आहे. तो आपल्या गावी राहिला होता, असे पिर्गीकर सांगतात. त्याला सबळ पुरावा नाही.

१५६६ मध्ये बेट ऑटोमनांकडे गेले. या गावांचा कर मास्तिहातच वसूल होई आणि त्या बदल्यात त्यांना काही सवलती मिळत. इस्तंबूलच्या राजवाड्यातील स्त्रिया मास्तिहा चघळत. १८२२ मध्ये ग्रीक बंडानंतर बेटावर भीषण कत्तल झाली, हजारो मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले; मास्तिहाची गावे मात्र बरीचशी वाचली, कारण हे काम करणारे हात दुसरीकडे नव्हते. नोव्हेंबर १९१२ मध्ये बेट ग्रीसकडे आले.

मक्ता गेला तसा भावाचा आधारही गेला. व्यापारी पाडून मागू लागले, तेव्हा १९३८ मध्ये कायद्याने उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. गावोगावच्या संस्था त्याच्या सभासद. मराठी वाचकाला हे साखर कारखान्यांच्या वळणाचे वाटेल, पण इथे झाडाला चिरा देणारा आणि सभासद एकच. १९९७ मध्ये युरोपीय संघाने मास्तिहाला भौगोलिक संरक्षण दिले, २०१४ मध्ये युनेस्कोने तिच्या लागवडीचे ज्ञान अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ऑगस्ट २०१२ च्या वणव्यात मात्र दक्षिणेतल्या बऱ्याच बागा जळाल्या होत्या. गावाजवळ २०१६ पासून मास्तिहाचे संग्रहालय आहे.

प्रवासी येतात ते बहुधा भिंती पाहायला. घरांच्या दर्शनी भिंती ‘क्सिस्ता’ नक्षीने भरलेल्या असतात. काळसर वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात मारायचा, तो ओला असतानाच पट्टी आणि कंपासाने आकृत्या आखायच्या आणि काट्याने चुना खरवडून खालचा करडा रंग उघडा करायचा. त्रिकोण, चौकट, वर्तुळ यांचे आडवे पट्टे सज्जाखालपर्यंत जातात. ही कला जेनोआहून आली असा एक तर्क आहे. मध्ययुगीन ‘पवित्र प्रेषितां’चे लहानसे चर्चही पाहण्यासारखे आहे, त्याची भित्तिचित्रे १६६५ ची.

शरद ऋतूत त्याच सज्जांवर लहान टोमॅटोंचे घोसच्या घोस ओवून टांगलेले दिसतात. हिवाळ्याची ती बेगमी. १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणात चौकात ‘पिर्गुसिकोस’ हा गावचा नाच होतो. पाहुण्याला घट्ट, पांढऱ्या मास्तिहा-पाकाचा चमचा गार पाण्याच्या ग्लासात बुडवून देतात. त्याला ‘पाणबुडी’ म्हणतात : आधी चमचा चाटायचा, मग पाणी प्यायचे.